डावीकडे कोणी नाही

रविवार, संध्याकाळ

युरोपात गाडी भाड्याने घ्यायची की रेल्वेने फिरायचं, याचा निकाल आजही लागला नाही. तीन देश, पंधरा दिवस, आणि वाद महिनाभर. थकले मी. मुग्धा फोनवर म्हणते, "आई, जस्ट रेंट अ कार. स्वीट अ‍ॅज." लेकीला "मस्त होईल" म्हणायला काय जातं!

जेवताना सुधीरला पुन्हा तेच ऐकवलं. "तिकडे उजव्या बाजूने चालवायची. या वयात तुला जमणार नाही."

"तू शेजारी असलीस की जमतं. इतकी वर्षं जमलंय."

"हट्ट पुरे," म्हटलं.

आज खरं कारण वेगळं होतं. ते मी बोललेच नाही. ऑकलंडला आल्यापासून आमची पद्धत आहे: चौकात तो उजवीकडे पाहतो, डावीकडचं मी सांगते. सकाळी अवोन्डेलच्या बाजारातून निघताना नेहमीच्या ठसक्यात म्हटलं, "डावीकडे कोणी नाही, चल." डावीकडे पांढरा ट्रक होता. मला दिसलाच नाही. सुधीरने ब्रेक दाबला, मागच्या सीटवरचा भोपळा खाली गडगडला. "ऊन डोळ्यांवर आलं असेल," एवढंच म्हणाला.

ऊन कुठलं? सकाळपासून ढगाळ होतं.

आणि ब्रेक वेळेवर कसा लागला? मी 'चल' म्हटल्यावरही त्याने स्वतः मान वळवून डावीकडे पाहिलं, म्हणून. कधीपासून पाहतोय असा? एकदाही बोलला नाही. आणि मी मात्र महिनाभर त्याचं वय काढतेय.

उद्या चहाच्या वेळी सांगायचं. गाडी नकोच, पण कारण तुझं वय नाही.