डळमळीत शब्दाला उदाहरण मिळेना

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (बरा आहे असं कळवू नकोस, मी तुला ओळखतो.) मी ठणठणीत. "विचारलंस का तिला?" एवढंच लिहून तू कार्ड पाठवलंस. उत्तर देतो, पण आधी आमच्या कोशकचेरीत काय गोंधळ चाललाय तो ऐक.

आमचा शब्दकोश 'डळमळीत' या शब्दावर येऊन अडकलाय. अर्थ सोपा: जे नीट टेकलेलं नाही, कधीही हलेल, ते. पण अर्थापुढे उदाहरण द्यावं लागतं, आणि थोरल्या साहेबांचा नियम असा, की उदाहरणावर सगळ्यांनी सही करायची. ज्याला ते आपल्यावरच आहे असं वाटेल त्याने खोडायचं. (कुणाचं मन दुखावू नये म्हणून! मनं काय काचेची आहेत?) मी लिहिलं, 'खुर्ची डळमळीत आहे.' थोरल्या साहेबांनीच खोडलं, त्यांच्या बदलीची कुजबुज आहे ना! मग लिहिलं, 'दात डळमळीत आहे.' हिशेबनीसांनी तोंडावर रुमाल धरून खोडलं. 'इमारतीचा पाया डळमळीत आहे' हे तरी कुणाला लागावं? तर ग्रंथपालांना लागलं, आमची इमारत त्यांच्या मेव्हण्याने बांधलीय म्हणे. बैठकीच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली ही खोडलेली उदाहरणंच घडी करून घातलीत. आता टेबल दुसऱ्या बाजूला कलतंय.

काल तर कहर झाला. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी (हो, त्याच, लगेच चष्मा पुसू नकोस) स्वतः उदाहरण लिहून आणलं: 'तो रोज चहा घेणार का विचारतो, पण खरं विचारायचं ते विचारत नाही, त्याचा निश्चय डळमळीत आहे.' सगळ्यांनी फिदीफिदी हसत सह्या ठोकल्या. कागद माझ्यापुढे आला. सही केली तर तो मी नाही. खोडलं तर तो मीच, आणि तेही चारचौघांत! बाई खिडकीबाहेर बघत पेन्सिलीला टोक काढत होत्या. "उद्या सांगतो," म्हणालो. त्यावर थोरल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. असा साधकबाधक विचार करणारी माणसंच कचेरीला हवीत म्हणे.

तर उत्तर असं: अजून नाही विचारलं. पण आज नक्की. निर्धार पक्का आहे.

तुझा भाचा,
(तूच ठेवलेल्या नावाचा) तळ्यातमळ्यात

ता. क. सही केली. शब्द छापायला जाईल, कचेरीचं काम पुढे सरकेल. एका माणसाने गप्प बसून एवढं होत असेल तर बसावं.

ता. क. परत जाऊन खोडलं. इतक्या जोरात की कागदच फाटला. हिशेबनीस दात विसरून हसले, मला मात्र रडू यायचं बाकी होतं. बाई एवढंच म्हणाल्या, "मग आता दुसरं उदाहरण शोधायला हवं." आत्या, मला ती फार फार आवडते. गुडघा दुखत असला तरी येत्या रविवारी ये आणि तिच्या घरी तूच बोल. (कदाचित पुढच्या रविवारी बरं पडेल.) हे पत्र पेटीत टाकायला तिच्याकडेच देतोय, माझ्याकडे राहिलं तर खिशातच राहील.

ता. क. (अक्षर वेगळं दिसलं तरी घाबरू नका.) आत्या, नमस्कार. पत्र तपासलं. पुढच्या रविवारचं वाक्य खोडलं आहे. याच रविवारी या. आमचं घर तळमजल्यावर आहे.