विलायतेला धाडलेलं मूळ

माय, तुला असं एकटीला मी कधी पत्र लिहिलंच नाही. विलायतेतून लिहायचो ती आबांच्या नावानं, कारण वाचता त्यांना यायचं. तुझ्या वाट्याला शेवटची एक ओळ असायची, 'मायला नमस्कार'. आबा ती ओळ तुला दोनदा वाचून दाखवत, असं अक्का सांगते. आता आबाही गेले, आणि तुला जाऊन तर इतकी वर्षं झाली की माझ्या पोरांना तू नुसती ऐकून माहीत आहेस. आज आखाजी, पंचांगातली अक्षय्य तृतीया. जळगावच्या घरात सकाळपासून पुरण शिजत होतं, अक्का माहेरपणाला माझ्याकडे आली आहे, आणि दुपारी जेवून सगळी लवंडल्यावर मी हा कागद घेऊन बसलो आहे. इंग्रज आता जाणार म्हणतात. तू असतीस तर म्हणाली असतीस की बघ, तुझ्या सासरचीच माणसं बिऱ्हाड उचलून चालली.

तुझ्या लेखी ते माझं सासरच होतं. लेक दिल्या घरी गेली की ती कधी येते? आखाजीला. आणि कशी येते? तिच्या सासरी माहेरचं मूळ जावं लागतं, म्हणजे रीतसर बोलावणं, आणि सोबत गाडी घेऊन मुराळी. मूळ नाही तर येणं नाही, मग ती दोन कोसांवर का असेना. मी बारा-तेरा वर्षांचा असताना अक्काचा मुराळी होऊन सोनगीरला गेलो होतो. तिची सासू म्हणाली, घरात बाळंतपण आहे, यंदा नाही पाठवत. मी मुकाट्यानं गूळ-पाणी घेतलं आणि दिवसभराची वाट तुडवत परत आलो. तू अंगणात शेण कालवत होतीस. गाडीत कुणी नाही हे बघून तशीच उठलीस, कोपरापर्यंत शेणाचे हात. "रिकामी गाडी काबरं लयना? जाय माघारी. बहीणले लिसनच ये." बैलांना पाणी पाजायला जेवढा वेळ लागला तेवढाच मी घरी होतो. दुसऱ्या खेपेला अक्काच्या ओट्यावर ठाण मांडून बसलो, जेवणाला नाही म्हटलं, तेव्हा कुठे सासू पाघळली. अक्का गाडीत बसल्यावर सगळी वाट हसत होती, आणि मला मात्र तुझा राग आला होता.

त्या घरी येण्याला दुसरी बाजू होती, तीही तूच पाळायचीस. ठरल्या दिवशी लेक परत गेलीच पाहिजे. अक्का दरवर्षी निघायच्या दिवशी ओसरीचा खांब धरून रडायची, "माय, आजून दोन दिस ऱ्हाऊ दे ना व." तूही रडायचीस, पण खांबावरचे तिचे हात तूच सोडवायचीस. शब्द मोडला तर पुढच्या सालाला मूळ रिकामं परत येतं, हे तुझं पक्कं गणित होतं. मी बाजूला उभा राहून बघायचो आणि मनात म्हणायचो, बायकांचं काय ते नाटक, जायचंच आहे तर रडायचं कशाला.

विलायतेत आम्ही एका घरात चार हिंदी विद्यार्थी राहत होतो. कोण किती वेळा घरी जातो हा आमचा आवडता विषय, आणि थोडा जखमेवरची खपली काढण्याचाही. एक मुंबईचा, बापाच्या गिरण्या होत्या, तो दर उन्हाळ्यात बोट धरायचा. एक बंगाली पाच वर्षांत गेलाच नव्हता, म्हणायचा, आता गेलो तर आईला ओळख पटवून द्यावी लागेल. आम्ही हसायचो, तोही हसायचा. मी कापसाच्या वाणांचा अभ्यास करायला गेलो होतो. दोन आखाज्या तिथेच गेल्या. परीक्षा आखाजीनंतर महिन्याभरात असायची, त्यामुळे निघणं शक्यच नव्हतं, आणि तसं मी आबांना कळवलंही होतं. तुला ते पटलं नाही. आबांनी तुला समजावलं तेव्हा तू म्हणालीस, "तठला मानसेसले मूळ धाडं का कोनी? मूळ नई, तं पोऱ्या येई कसा?"

तिसऱ्या वर्षी माघात माझ्या प्राध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर आबांच्या वळणदार अक्षरातलं पत्र. वरचा इंग्रजी पत्ता दोंडाईच्याच्या स्टेशनमास्तरांनी लिहून दिलेला, आत सगळं मराठी. "हे तुझ्या भाषेत दिसतंय, वाच," ते म्हणाले. मी मनात वाचलं आणि कानशिलं तापली. सोयऱ्यांना लिहितात तसं लिहिलं होतं. सर्वांस नमस्कार, इकडील क्षेम, आणि मग, आमचा मुलगा आपले घरी सुखात आहे याचा आनंद वाटतो, त्यास आखाजीच्या सणास आठ दिवस पाठवण्याची मेहेरबानी व्हावी, मुलाच्या आईचा जीव लागून आहे, सण झाल्यावर ठरल्या दिवशी त्यास आपल्याकडे पोहोचता करू, आमचा शब्द आहे. थाप मारावी असं मनात आलं होतं, पण समोर तो करडा म्हातारा आणि त्याचे ते निळे डोळे. मी शब्दन्‌शब्द सांगितला. मूळ म्हणजे काय, मुराळी म्हणजे काय, तेही. तो हसेल म्हणून मी खाली बघत होतो. तो हसला नाही. म्हणाला, "आठ दिवसांत कसं होणार? आठ दिवसांत तर तू एडनलाही पोचणार नाहीस." मग टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढून दिवस मोजले. शेवटी म्हणाला की परीक्षा झाली की जा, खानदेशातल्या कापसाच्या जिन-कारखान्यांमधून सरकीचे नि रुईचे नमुने आणायचं काम काढतो, म्हणजे प्रवासाची सोय होईल. पण सत्र सुरू व्हायच्या आत इथे हजर हवास, हे तुझ्या आईला कळव. त्यानं दोन ओळी लिहिल्या आणि त्याखाली मराठी मलाच लिहायला लावलं. म्हणजे सासरचा होकारही माझ्याच हातचा. तो आबांनी वाचून दाखवल्यावर तू म्हणे साऱ्या आळीत सांगत फिरलीस, "मानसे चांगला शेतस."

मी आलो तो श्रावणात. दोंडाईच्याच्या स्टेशनावर उतरतो तर पावसाची झड लागलेली, आणि गाडी घेऊन आबा स्वतः. त्यांच्या डोक्यावर गोणपाटाची खोळ. दारात तू भाकरतुकडा ओवाळून टाकलास आणि माझ्या पाटलोणीकडे बघून तोंडाला पदर लावलास. त्या श्रावणात तू आखाजी केलीस, माय, अक्कालाही मूळ धाडून आणलंस. भर पावसात लिंबाला माहेरवाशिणींचा झोका बांधवून घेतलास. दोर भिजून फुगलेला, खाली चिखल, आणि तू मला, पंचविशी ओलांडलेल्या बाप्याला, त्यावर बसायला लावते आहेस. आळीतल्या बाया ओसरीवरून खिदळत होत्या. चुलीवर पालथं खापर, तू दोन्ही हातांवर मांडा फिरवत मोठा करते आहेस, आणि मी जवळ पाटावर बसून बघतो आहे. आमरस कुठून आणणार? तर वैशाखात तू आंब्याची साटं वाळवून फडक्यात बांधून ठेवली होतीस. ती पाण्यात भिजवून, हातानं मोडून रस केलास. रंग काळपट होता, चवीला थोडा धूर होता. मी तीन वाट्या प्यायलो.

मांडा खापरावर टाकून तू दर वेळी थोडी वाकून राहायचीस, पोटाशी पितळी तांब्या दाबून. दोन-तीनदा बघितल्यावर मी विचारलं. "काही नई रे भाऊ, पित्त शे." रस तू घेत नव्हतीस, भाकरी दुधात कुस्करून घ्यायचीस आणि तीही अर्धी टाकायचीस. धुळ्याच्या डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं तर श्रावणाचे वार पुढे केलेस. जळगावला नमुन्यांसाठी जाऊन आलो, त्या चार दिवसांतही तू वाळल्यासारखी वाटलीस. मला भीती वाटली, खरंच वाटली. निघायला दोन दिवस राहिले तेव्हा मी चुलीपाशी येऊन म्हणालो, "माय, मी तार करतो, थांबू का थोडा?" तू भाकरी थापता थापता थांबलीस. माझ्याकडे बघत राहिलीस, काहीतरी शोधल्यासारखी. मग भाकरी तव्यावर टाकलीस. "आते ठेवी लिधा, तं पुढला साल त्या धाडाव नईत. जाय. आखाजीले ये. ताजा आंबा खाशी." मी बरं म्हणालो. पुढच्या आखाजीसाठी तू ते दिवस राखून ठेवते आहेस हे मला कळत होतं, आणि तुझ्या पोटात काय आहे हे बहुधा तुलाही कळत होतं. तरी मी बरं म्हणालो.

तू माघात गेलीस. आबांचं पत्र मला पोचलं तेव्हा तुझं तेरावं कधीच होऊन गेलं होतं. त्या वर्षी आखाजीच्या सुमारास प्राध्यापकांनी मला विचारलं, "यंदा तुमच्या घरून बोलावणं नाही आलं?" मी सांगितलं, धाडणारी गेली. त्यानं टोपी काढून हातात धरली. त्यानंतर पदवी हातात पडेपर्यंत मी घरी आलो नाही. दोन उन्हाळे मोकळे होते. कुणी बोलावलं नाही आणि माझे पाय निघाले नाहीत.

हे सगळं आजच लिहायचं कारण अक्का. सकाळी आम्ही दोघांनी मिळून तुझ्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली, आणि बोलता बोलता ती सहज म्हणून गेली, तिला वाटलं मला ठाऊकच असेल. मी निघालो त्या संध्याकाळी तू तिच्याजवळ म्हणाली होतीस, "त्याना डोयाले पानी नई उनं. त्याले तठेच गमस. गमू दे, चांगलं शे." शेवटपर्यंत तू आल्यागेल्याला तेच सांगत होतीस, पोरगा तिकडे रमला, आता त्याला इकडचं काही वाटत नाही, आणि बरंच झालं. सांगताना म्हणे हसायचीस. इतकी वर्षं मी समजत होतो की तू मला धाडलंस. आणि तू समजत होतीस की मी निघालो.

अक्का आतून चहाला हाक मारते आहे. हे पत्र कुठे टाकायचं, आणि टाकलं तरी तुला वाचून कोण दाखवणार? घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवीन, धुण्यात जाईल. पण एक लिहून ठेवतो. 'थांबू का' म्हणून मी तुला विचारलं, ते डॉक्टर करायला, औषधपाणी बघायला थांबू का, असं विचारलं. शिकलेल्या माणसासारखं, तुझ्यावर उपकार केल्यासारखं. तसं नव्हतं. माय, मला जायचं नव्हतं. तुझ्याजवळ राहायचं होतं.