डाळ करपत होती

ता. ९ फेब्रुवारी, मंगळवार
शाळेचं स्वयंपाकघर, दुपारचे साडेतीन

चि. ठमी,

आशीर्वाद. तू बरी असशील असं धरून चालतो. तीन आठवडे तू फोन उचललेला नाहीस, पण काही दुखलंखुपलं असतं तर तुझ्या ऑफिसातून कोणीतरी कळवलं असतं. इकडे आम्ही ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीने पुन्हा धरला आहे. ती जिना एका पायाने चढते आणि बोलणी मात्र दोन्ही पायांना बसतात. घराचं छप्पर दुरुस्त करून घेतलं. शाळेत नवा नळ बसवला, त्याला पाणी येतं.

हे पत्र भाजीच्या गाडीवाल्याकडे देतो आहे. तो उद्या सकाळी तुमच्या ऑफिसवरूनच जातो. फोन तू उचललास तरी उपयोग नव्हता. हवापाण्याचं बोलून मी ठेवून दिला असता, हे तुलाही माहीत आहे.

आज जेवणात मसुराची डाळ, भात, गाजर आणि भोपळा होता. तुझ्याच आहाराच्या तक्त्यातला मंगळवार. तो तक्ता अजून चुलीच्या वर भिंतीवर आहे. कडेने वाफ लागून पिवळा झालाय, पण अक्षर वाचता येतं. तुझं अक्षर लहानपणी फार वाईट होतं. मीच तुला पाटीवर गिरवायला बसवायचो, आठवत असेल.

नऊ शाळांमध्ये तुझा तक्ता डिसेंबरपासून सुरू झाला आणि सर्वांत जास्त ताटं परत आली ती आमच्या शाळेत. हे तुला कागदावर दिसलंच आहे. मला रोज बादलीत दिसत होतं. मुलं दोन घास खायची, नाक मुरडायची आणि ताट सारायची. "भाजीला वास येतो" म्हणायची. गुरुजी म्हणायचे, "यांना हिरवं दिसलं की वास येतो. घरी पाकिटं फोडून खाणारी पोरं, त्यांना तुमचं पौष्टिक कसं रुचणार?" मला ते पटलं. पटून घेणं सोयीचं होतं.

मग हा तक्ता ठेवायचा की नाही यावर ती समितीची बैठक झाली. तू टेबलाच्या त्या टोकाला, तुझे कागद नीट रचून. साहेबांनी मला विचारलं, "आचारी, तुम्ही बोला, वीस वर्षं मुलांना वाढताय." मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मुलं खात नाहीत, एवढं खरं." बसलो. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं.

मी खोटं बोललो नव्हतो. तीन आठवडे हेच एक वाक्य स्वतःला ऐकवत होतो.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. ऑक्टोबरात मला ताप आला होता, आठ दिवस पडून होतो. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. चवही. आधी वाटलं, तोंड आलंय, चव येईल परत. आली नाही. गूळ खाल्ला तर चिकट लागतो, मीठ खाल्लं तर खरखरीत. त्यापलीकडे काही नाही.

मी कोणाला सांगितलं नाही. तुझ्या वहिनीने शोधून काढलं. एकदा ती आमटीत मीठ घालायला विसरली आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "लग्नाला चोवीस वर्षं झाली, इतके गुणी तुम्ही कधीच नव्हता. काय झालंय?" तेव्हा सांगावं लागलं. ती म्हणाली, "शाळेत सांगा." मी म्हणालो, सांगतो. तिने पुन्हा विचारलं नाही. तिच्या न विचारण्याला फार वजन असतं.

शाळेतला नियम तुलाच ठाऊक. मुलांच्या आधी अर्धा तास आचाऱ्याने जेवायचं आणि वहीत चव कशी ते लिहून सही करायची. त्याखाली एका शिक्षकाची सही. गुरुजी घरचा डबा खातात आणि माझ्या सहीवर विसंबून सही करतात. मी रोज ताट घेऊन बसायचो, रोज जेवायचो, रोज "चव चांगली" लिहायचो. चार महिने. सुट्ट्या सोडून रोज.

सकाळी गॅस पेटवायच्या आधी मी हात जोडतो हे तू पाहिलंयस. "ही लेकरं पोटभर जेवू देत", एवढंच मागतो. या चार महिन्यांत ते शब्द ओठांवर यायचे आणि तिथेच थांबायचे. ज्याला मागायचं त्याला सगळं दिसत असताना मागणार कसं? नुसते हात जोडून काडी ओढायचो.

मागच्या सोमवारी दुसरीतल्या एका मुलीपाशी बसलो. तिला सगळे चिमणी म्हणतात, पण खायला लागली की दोन ताटं संपवणारी. ताट तसंच. मी विचारलं, "का गं, डाळ आवडत नाही?"

"आवडते."

"मग?"

"रोज करपलेली असते ना, काका."

"मग कोणाला सांगितलंस का?"

"मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, आचारीकाकांना बोलायचं नाही, ते देवमाणूस आहेत."

मी मदतनीस मावशींकडे पाहिलं. त्या पातेलं घासत होत्या. तळाला कोळशासारखा थर होता आणि त्या तो खरवडत होत्या, रोज खरवडत असणार. मी म्हणालो, "मावशी, हे कधीपासून?" त्या म्हणाल्या, "तेल कमी झालं तेव्हापासून. मला वाटलं तुम्हाला कळतंय. तुम्हीच चाखता ना पहिलं?"

आता तुझ्या लक्षात आलं असेल. तुझ्या तक्त्याप्रमाणे तेल कमी केलं की डाळ लवकर तळाला धरते. तू तक्त्याखाली लिहिलं होतंस, "मंद आच, सारखं ढवळणे, वीस मिनिटांनी उतरवणे." मी आयुष्यात घड्याळ बघून पातेलं उतरवलं नाही. वास बदलला की उतरवायचं, हेच माझं घड्याळ. आधी तेल भरपूर असायचं, चार-पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी निभावून जायचं. तुझ्या तक्त्यात तशी सूट नव्हती आणि मला नाक नव्हतं. तुझा तक्ता बरोबर होता, ठमी. मुलांनी तुझी डाळ टाकलीच नाही. माझं करपवलेलं टाकलं.

हे कळून आठ दिवस झाले. आठ दिवस मी फक्त आच कमी केली आणि गप्प बसलो. म्हणजे तोवर मला माहीत नव्हतं असं म्हणायची जी सोय होती, तीही गेली. शुक्रवारी समिती शेवटचा निर्णय घेणार आणि एक मार्चपासून बिस्किटांची पाकिटं आणि गोड पावडरीचं दूध येणार, हे गाडीवाल्याने सांगितलं. म्हणाला, "तुमची सुटका झाली, काका. नुसती पाकिटं वाटायची."

आज सकाळी सातला मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. वाटलं होतं, वहीतल्या खोट्या सह्यांवरून बोलतील. त्या म्हणाल्या, "वास अजिबात येत नाही?"

"नाही."

"आणि गॅस गळला असता तर?"

ठमी, देवाशपथ सांगतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नोकरी आली, लाज आली, लोक काय म्हणतील ते आलं. भिंतीपलीकडे एकशे ऐंशी मुलं बसतात, ते आलं नाही. बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला.

आजपासून मी गॅसला हात लावायचा नाही. डॉक्टरांना दाखवायचं, ते काय लिहून देतात त्यावर पुढचं. कदाचित राहीन, कदाचित नाही. बाईंनी सगळं लेखी मागितलं, ते दिलं. त्याची एक प्रत या पाकिटात आहे. समितीपुढे ठेव.

आजचा स्वयंपाक मावशींनी केला. तुझाच तक्ता, तेवढंच तेल. मी गाजरं चिरली आणि घड्याळाकडे बघून वेळ सांगत राहिलो. डाळीची ताटं परत आली ती अकरा. मीच धुतली, म्हणून आकडा पक्का आहे. भोपळा मात्र निम्म्या मुलांनी काढून ठेवला. तो दोष तुझा, तो मी माझ्या अंगावर घेणार नाही.

इथे पत्र संपवणार होतो. पण एक राहिलं आहे आणि ते न लिहिता पाकीट चिकटवलं तर बाकीचं सगळं वाया जाईल.

बैठकीत नोकरीच्या भीतीने गप्प बसलो, हे अर्धंच खरं. मी तुला भरवलं आहे. आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस, मी पंधराचा. काय शिजवायचं, किती शिजवायचं हे मी कोणाला विचारलं नव्हतं. आणि तू तक्ता घेऊन आलीस, त्यात माझ्या हाताला ग्रॅम आणि मिनिटं लावलेली. मला बोचलं. बैठकीत सगळे तुझ्यावर बोलले आणि तुझी मान खाली गेली, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा तेच तर तुला दिसलं नाही ना, याच भीतीने मी पेल्याकडे पाहत राहिलो.

शुक्रवारी अकराला बैठक आहे. मला बोलावलेलं नाही, तरी येणार आहे. वास गेल्याचं सांगेन, करपल्याचं सांगेन. बरं वाटल्याचं तिथे सांगणार नाही, ते फक्त तुझ्याजवळ. माझ्याशी बोलायची सक्ती नाही. पण तू ये. तू नसलीस तर मी पुन्हा एकच वाक्य बोलून बसेन.

तुझ्या पोटाची काळजी घेणारा आणि तुझ्याच ताटात माती कालवणारा,
दादा