एडिथ कोण, याचा खुलासा

खैतान, कुवेत
शनिवार

आदरणीय नूरीभाभींना,

खाडीच्या अलीकडच्या शत्रुघ्नचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. (रागात असाल तर दोन्हीतला एकही घेऊ नका, पण पत्र पुढे वाचा.) तुमची तब्येत, अम्मींचे गुडघे आणि सनाची बारावी, तिन्ही ठीक असावीत असा अंदाज करतो. अंदाजच करायचा, कारण तुम्ही माझा नंबर बंद करून टाकला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि वर मजीदच्या दोस्तांना चार शिव्या घातल्या असत्या. तुमच्या भावाने, साबीरने, तुमचा निरोप मला जसाच्या तसा सांगितला: "त्याला म्हणावं, आता त्या एडिथलाच सांभाळू दे." निरोप पोचला. म्हणून हे पत्र. ओवैस सुट्टीवर गावी येतोय, त्याच्या हाती देतोय, आणि साबीरकडे न देता तुमच्याच हातात द्यायचं असं त्याला दोनदा बजावलंय. (साबीर माणूस सोन्यासारखा आहे. पण तो आधी स्वतः वाचेल, मग रागावेल, आणि मग तुमच्यापर्यंत त्याचा रागच तेवढा पोचेल.)

तर भाभी, पहिली गोष्ट. एडिथ बाई नाही. एडिथ इंजिन आहे. रेल्वेचं, वाफेवर चालणारं. इंग्लंडात असतं.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि चहा करून आलो. कागदावर ते भयंकर खोटं दिसतं. नवऱ्याला वाचवायला त्याच्या दोस्ताने रचावं तसं, आणि तेही दुसरं काही न सुचल्यामुळे. म्हणून सोबत फोटो जोडलाय. गडद हिरवा रंग, पुढे तांबडी फळी, धुरांड्याला तांब्याची किनार आणि अंगावर पितळी पाटी. पाटीवर इंग्रजीत जे लिहिलंय ते तिचं नाव. शेजारी काळवंडलेल्या डगल्यात उभे आहेत ते तिला सांभाळणारे लोक. एक पोस्टातून रिटायर झालेले, एक शाळामास्तर, आणि ती हसणारी बाई दातांची डॉक्टर. सगळे सुट्टीच्या दिवशी येऊन फुकट तिला तेल घालतात आणि पुसतात. शंभरएक वर्षांपूर्वी ती कोळशाच्या खाणीसाठी बांधली, खाण बंद पडल्यावर भंगारात निघाली होती, ती या लोकांनी वाचवली. तिकडे इंजिनांना बायकांची नावं द्यायची पद्धत होती, आपल्याकडे होड्यांना देतात तशी. तुमच्या अब्बांच्या होडीचं नाव 'शरीफा' होतं, त्यावरून अम्मींनी कधी भांडण काढलं का? (आत्ता आठवलं, शरीफा हे अम्मींचंच नाव. उदाहरण चुकलं, पण खोडत नाही. पत्रात खाडाखोड दिसली की माणसाला संशय येतो, आणि तो तुम्हाला आधीच पुरेसा आलेला आहे.)

आता तुम्ही विचाराल, दाभोळ खाडीकाठच्या माणसाचा त्या इंजिनाशी संबंध काय? मीही बरीच वर्षं हेच विचारत होतो. आपल्या लहानपणी आपल्याकडे रेल्वे नव्हती. ती आली तोपर्यंत मजीद इकडे आला, आणि इकडे तर अजूनही नाही. येणार, येणार म्हणतात. म्हणजे जिथे रूळ नाहीत तिथून निघून जिथे रूळ नाहीत तिथे पोचलेला हा माणूस. पण शुवैखला त्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात यूसुफ नावाचे एक म्हातारे कुवेती गृहस्थ जुन्या गाडीचा काही भाग शोधत आले. त्यांच्या मोबाइलवर हिचा फोटो होता. मजीदने सहज विचारलं, "ये क्या है, बाबा?" यूसुफसाहेबांचे वडील मुंबईला खजुराचा व्यापार करायचे, त्यामुळे त्यांना हिंदी येतं, आणि एकदा सुरू झालं की थांबत नाही. तरुणपणी ते इंग्लंडात शिकायला होते. थंडी, ओळखीचं कोणी नाही, जेवण बेचव. रविवार खायला उठायचा. म्हणून ते दर रविवारी ही ओढायची त्या छोट्या गाडीत जाऊन बसायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. इंजिनाजवळ उभं राहिलं की अंगाला ऊब लागायची. "बेटा," ते मजीदला म्हणाले, "पूरे मुल्क में वही एक थी जो मेरे लिए गरम थी." काउंटरवर गिऱ्हाइकं खोळंबली. मजीद त्या दिवशी खोलीवर आला तो चप्पल न काढता माझ्या खाटेवर बसला आणि म्हणाला, "शत्रू, त्या म्हाताऱ्याने मला काय सांगितलं ऐक."

तेव्हापासून आम्ही तिघे. तिच्या शेडमध्ये त्या लोकांनी कॅमेरा लावलाय, तो कुठूनही बघता येतो. दर शुक्रवारी दुपारी यूसुफसाहेब कॉफीचा थर्मास आणि खजूर घेऊन आमच्या खोलीवर यायचे, पांढऱ्याशुभ्र कपड्यात माझ्या कळकट गादीवर बसायचे, आणि आम्ही तिघं शेडमध्ये उभं असलेलं इंजिन बघायचो. उभं असलेलं. गेली काही वर्षं तिचा बॉयलर दुरुस्तीला काढला होता, म्हणजे पोटच नव्हतं. तरी हे दोघे बघायचे. कोणी फडका घेऊन आला की मजीद म्हणायचा, "आज चाकं पुसणार." मी म्हणायचो, "मग?" तो म्हणायचा, "मग काय? चाकं पुसलेली दिसतील." एखाद्या शुक्रवारी तिथे मांजराखेरीज कोणी फिरकायचं नाही. तेव्हा आम्ही मांजर बघायचो.

हे तुम्हाला त्याने का सांगितलं नाही, तर लाजून. मला म्हणाला होता, "नूरी म्हणेल, बायको-पोरगी सोडून राहतोस आणि लोखंड बघत बसतोस." मला वाटतं, तुम्ही तसंच म्हणाला असतात, आणि दुसऱ्या फोनला विचारलं असतं, "मग आज पुसली का चाकं?"

मागच्या महिन्यात बॉयलर बसला. ती पहिल्यांदा वाफेवर चालणार तो शनिवार. मी ऑफिसातून सुट्टी घेतली, कारण आजारपण. (शर्क भागातल्या ऑफिसच्या आमच्या मॅनेजरना इंजिन हे कारण पटलं नसतं.) मजीदने ईदचा शर्ट इस्त्री केला. त्याने त्या लोकांना अधूनमधून दोन ओळी पाठवल्या होत्या, इंग्रजी माझं, म्हणजे चुका माझ्या. भट्टी पेटलेली, सगळीकडून वाफ, आणि तो पोस्टवाला म्हातारा हात पुसत कॅमेऱ्यापाशी आला, वाकला आणि म्हणाला, "गुड आफ्टरनून, कुवेत. हे तुमच्यासाठी." आणि वर चढून त्याने शिट्टी दिली. यूसुफसाहेबांनी आवाज पूर्ण मोठा केला होता. आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, गॅसचं सिलिंडर फुटतंय म्हणून वाळूची बादली घेऊन धावत आला आणि बादलीसकट दारातच उभा राहून बघू लागला.

मजीद उठून उभा राहिला. "एडिथ निघाली," म्हणाला. तुम्हाला सांगतो भाभी, सनाचा जन्म झाल्याचा फोन आला होता तेव्हा मी त्याच्या शेजारी होतो. तसा चेहरा मी तेव्हा पाहिला होता आणि परत आता. मग तो म्हणाला, "एडिथ." आम्ही हसलो. परत म्हणाला, "एडिथ, एडिथ." यूसुफसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, मी वाजवल्या, हारिसने बादली ठेवून वाजवल्या. आम्हाला वाटलं, आनंदाने याला शब्द सुचत नाहीत. मग त्याच्या उजव्या हातातली कॉफीची वाटी सुटली. ती कुठे पडली ते त्याने पाहिलंही नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि फार सावकाश, मला काही समजावून सांगावं तसं, म्हणाला, "एडिथ."

दवाखान्यात यूसुफसाहेबांनी आपल्या गाडीतून नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी. तुम्हाला मी फोनवर "चक्कर आली, बरा आहे" सांगितलं ते खरं नव्हतं. उजवा हात आणि पाय लुळा आहे. त्याला सगळं कळतं, सगळे ओळखू येतात, डोकं पूर्वीसारखं आहे. बोलणं मात्र गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, सगळे शब्द जातात आणि एखादाच मागे राहतो, कुठला राहील ते कोणाच्या हातात नसतं. त्या वेळी जो तोंडात होता तो राहिला.

वॉर्डात त्यावरून जो गोंधळ झाला तो सांगतो. केरळची एक सिस्टर होती, फार मायाळू. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "एडिथ वाइफ है? बुलाओ ना, इतना याद करता है." मी म्हटलं वाइफ गावाला असते, नाव नूरी. तिने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. मग यूसुफसाहेबांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. सिस्टरने इंजिनाकडे पाहिलं, मजीदकडे पाहिलं, आणि बाहीने डोळे पुसत बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्या वॉर्डाला माहीत. साफसफाई करणारी माणसंसुद्धा येऊन त्याला विचारायची, "एडिथ कैसी है?" आणि तो डाव्या हाताचा अंगठा वर करायचा.

त्या एका शब्दात तो सगळं बोलतो. सूर वर चढवून म्हटला तर पाणी. तुटक म्हटला तर दुखतंय. लांबवला तर कंटाळा, मला घरी न्या. मी आता दुभाष्या झालोय. शलाका म्हणून पुण्याकडची एक मुलगी आहे, बोलण्याचे व्यायाम घेते. ती म्हणते, हळूहळू आणखी शब्द येतील, पण घरच्या माणसांत लवकर येतील. म्हणून त्याला पाठवायचं ठरलं.

आणि मग तो तुमचा व्हिडिओ कॉल. फोन मीच धरला होता. मी आधी तुम्हाला सगळं सांगायला हवं होतं ना? सांगणारच होतो, पण त्याने तुम्हाला पडद्यावर पाहिलं आणि त्याला धीर निघाला नाही. तुम्ही म्हणालात, "कसे आहात?" आणि तो रडत म्हणाला, "एडिथ." तुम्ही म्हणालात, "कोण?" तो पुन्हा म्हणाला. पुन्हा. तुम्ही फोन ठेवलात. भाभी, तो तुमचं नाव घेत होता. त्याच्या तोंडात ते दुसऱ्याच आवाजात तयार होतं एवढंच.

येत्या शुक्रवारच्या विमानाने मी त्याला मुंबईला आणतोय, चाकांच्या खुर्चीतून. तिथून गाडीने घरापर्यंत. दार उघडं ठेवा. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, मला दोन दिवस रजा आहे, तेवढ्यात होईल. अम्मींना सलाम, सनाला आशीर्वाद.

आपला,
शत्रुघ्न

ता. क. साबीरला सांगा, एडिथला गाठून जाब विचारायचा त्याचा विचार असेल तर तिचं वजन वीस हत्तींइतकं आहे आणि अंगाला हात लावला तर भाजतं.

ता. क. फोटो परत नको. यूसुफसाहेबांनी तो आपल्या भिंतीवरून काढून दिलाय. ते दर शुक्रवारी येतात अजून. आम्ही कॅमेरा लावत नाही. कॉफी पितो.

ता. क. वर मी लिहिलंय की त्या एका शब्दात तो सगळं बोलतो, पाणी मागतो, कंटाळा सांगतो. ते 'बोलायचा' असं वाचा. तुम्ही फोन ठेवलात त्या दिवसापासून तो तोही शब्द उच्चारत नाही. त्याला कळलंय की त्यानेच तुम्हाला दुखवलं. तहान लागली तरी ओठ मिटून बसतो. काल शलाकाने त्याला चित्रं दाखवली, कप, चप्पल, चंद्र. गप्प. मग तुमचा फोटो दाखवला, तर त्याने डावा हात आपल्याच तोंडावर दाबून धरला, तो शब्द सुटू नये म्हणून. मला सुट्टी मिळणं, गाडी, खुर्ची, हे सगळं जमेल. एवढं एक माझ्याच्याने होत नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं. तो दारात आला की तुम्हीच आधी त्याला म्हणा, "एडिथ." आणि तो म्हणाला, तर ओ द्या.