तळघरातली हवा

११ जानेवारी, शनिवार

वर्गात माझ्या वयाचा एकही नाही! पोरं पहिल्याच दिवशी ‘आजोबा’ म्हणायला लागली. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीपेक्षा चारेक वर्षांनी मोठ्या असतील. “काका, पुढे बसा,” म्हणाल्या. बसलो.

नवा नियम आलाय — सर्टिफिकेट नसेल तर ऑफिसच्या इमारतीतल्या मोठ्या यंत्रांना हात लावायचा नाही. तेवीस वर्षं त्याच यंत्रांना हात लावतोय मी. म्हणजे आता परवानगी मागायची! पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. पंप, पाणी, वीज, हवा — इतकी वर्षं जे नुसतं हाताला ठाऊक होतं, त्याला कारणं आहेत. बाई म्हणाल्या, “इमारत एकदाच बांधतात. चालवावी रोज लागते.” हे मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं.

१४ जानेवारी, मंगळवार

पाण्याच्या दाबाचा धडा वाचत होतो. ही भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, “म्हणजे टाकी जितकी वर तितका खालच्यांना जोर जास्त. मग सगळ्यात वरच्या मजल्यावर धार बारीक येणारच की हो!” मला दोनदा वाचावं लागलं होतं ते. मी म्हणालो, “अगं राहू दे, उगाच डोकं शिणेल तुझं.” तिने पुन्हा भाजीत मान घातली.

१८ जानेवारी, शनिवार

आज हवेचा धडा. बंद खोलीत माणसं बसली की त्यांच्याच श्वासाने हवा खराब होते. बाहेरची ताजी हवा आत घ्यावीच लागते. नाहीतर डोकं जड होतं, झोप येते, साध्या कामात चुका होतात. बाई म्हणाल्या, “आणि एक खूण लक्षात ठेवा. अशी माणसं सुट्टीच्या दिवशी घरी एकदम ठणठणीत असतात.”

माझं पेन तिथेच थांबलं. पुढचं काही लिहून घेतलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

लिहून काढतो. मनात नुसतं फिरत राहतंय.

ही आमच्याच इमारतीत कामाला होती. तळघरातल्या दप्तरखान्यात. फायली लावायच्या, मागतील तेव्हा काढून द्यायच्या. मीच चिकटवली होती. आठजणी होत्या. पहिल्याच हिवाळ्यात म्हणाली, “अहो, त्या वरच्या जाळीतून पाठीवर बर्फ ओतल्यासारखा वारा येतो.” मी यंत्रघरात गेलो, बाहेरची हवा घेणारी झडप बंद केली आणि तारेने बांधून टाकली. पाच मिनिटांचं काम. आतलीच हवा मग आत फिरत राहिली. ऊबदार! सगळ्याजणी खूश. ही तर म्हणाली, “नवरा यंत्रघरात असावा तर असा.” किती दिवस त्याच ऐटीत होतो मी.

रजिस्टरला नोंद केली नाही. अशा तारा कोणी नोंदवत नाही. कोणाची तक्रार आली, मिटवली, विसरलो. आमच्या कामात प्रत्येकाच्या नावावर अशा चार-दोन तारा असतात.

त्यानंतर हिचं डोकं दुखायला लागलं. टेबलावर डुलक्या. फायली भलत्याच कपाटात. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोळे तपासले — काही नाही. आणि रविवारी अगदी छान! माझी बहीण आली होती तेव्हा म्हणाली, “सुट्टीला बरं दुखत नाही हो वहिनींचं डोकं!” सगळे हसले. मी पण हसलो.

सहाव्या वर्षी एक महत्त्वाची फाइल दोन महिने सापडली नाही. हिला काढलं. त्याला आता नऊ वर्षं झाली.

२१ जानेवारी, मंगळवार

बाईंनी घरचा अभ्यास म्हणून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र दिलंय; आकडा हजाराच्या वर गेला की हवा खराब. रस्त्यावर मोजलं — चारशे वीस. दप्तरखान्यात सकाळी सातशे चाळीस. दुपारी साडेतीनला दोन हजार नऊशे! आणि आता तिथे चारच माणसं बसतात. त्यातला एक जांभई देत म्हणाला, “काका, या खोलीत भूत आहे. जेवणानंतर धरून झोपवतं.”

वर जाऊन यंत्राचं झाकण काढलं. तार तिथेच. मी डावखुरा, त्यामुळे माझा पीळ उलटा पडतो. ओळखायला क्षणही लागला नाही.

तार कापली. झडप गंजून धरलेली. तेल घातलं, हातोडी घेतली, तेव्हा कुठे हलली. तासाभरात आकडा अकराशेवर आला. पाइपवाला मदतीला होता. तार उचलून म्हणाला, “कोण गाढव होता रे हा?”

मी म्हणालो, “कोण जाणे.”

२२ जानेवारी, बुधवार

देवापुढे बसलो. काही मागवेना. तसाच उठलो.

२५ जानेवारी, शनिवार

वर्ग सुटल्यावर बाईंना विचारलं. नाव घेतलं नाही, ‘एक बाई होत्या’ असं म्हणालो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. “शंभर टक्के कोणी सांगू शकणार नाही, काका. पण तुम्ही सांगताय ते पुस्तकातल्यासारखंच आहे.” मग म्हणाल्या, “त्यांना सांगितलंय कोणी?”

मी वह्या पिशवीत भरत राहिलो.

आमच्या गावच्या शाळेला खिडक्या होत्या, पण त्यांना दारं नव्हती. थंडीत कुडकुडायचो आणि गुरुजींना नावं ठेवायचो. पण झोप कधी लागली नाही कुणाला.

२८ जानेवारी, मंगळवार

आज सांगायचं ठरवलं होतं. चहा घेतला. सांगितलं नाही.

नोकरी गेली, ते एक. पण त्यानंतर ती कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी माझ्याकडे बघते. “तुम्हीच वाचा. माझ्या डोक्याचा भरवसा नाही.” पलीकडच्या गल्लीतल्या वाचनालयाला पुस्तकं लावायला बाई हवी होती. त्यांनी हिचं नाव काढलं. मी परस्पर सांगून आलो — तिला नाही झेपणार. हिला ते दुसऱ्याकडून कळलं. एक अक्षर बोलली नाही. तिलाही ते पटलंच असणार! हे सगळ्यात वाईट.

३० जानेवारी, गुरुवार

सांगितलं. सकाळी, ती शेंगा सोलत होती तेव्हा. झडप, तार, आकडे, सगळं.

हात थांबले नाहीत तिचे. विचारलं, “आठहीजणींना?”

“हो.”

“म्हणजे टायपिंगवाल्या मावशी… त्यांनाही चुका होतात म्हणूनच घरी बसवलं होतं.”

मला हे आठवतही नव्हतं.

“तुम्हाला कळलं कधी?”

“अठरा तारखेला.”

“आज तीस. बारा दिवस!”

तिने आणखी चार शेंगा सोलल्या. मग म्हणाली, “माझ्या आईला शेवटी कुणाची ओळख राहिली नव्हती. मला वाटलं, माझंही तेच सुरू झालं. नऊ वर्षं रोज अंथरुणावर पडले की मनातल्या मनात एकोणीसचा पाढा म्हणून बघते. आला की झोपते.”

नऊ वर्षं शेजारी झोपतोय मी. मला माहीत नव्हतं.

मी म्हणालो, “माझ्या हातून…”

तिने थांबवलं. “झडप तुम्ही माझ्यासाठी बांधलीत. थंडी वाजते म्हणून मीच रडत आले होते. त्याचं काही नाही. पण सुट्टीवरून ताई बोलल्या तेव्हा तुम्ही हसलात.”

शेंगा संपल्या होत्या. ती टरफलं चाचपत राहिली.

३१ जानेवारी, शुक्रवार

रजिस्टरला पंधरा वर्षांपूर्वीची नोंद आज केली. खाली सही. साहेब म्हणाले, “कशाला उकरून काढता? कुणी विचारलं होतं का?” सर्टिफिकेटचं आता बघू म्हणाले. पाइपवाल्याने नोंद वाचली. निघताना फक्त, “मला तरी सांगायचंस, गाढवा.”

घरी ही अबोल. जेवण वेळेवर. मला वाटतं, हे असंच राहणार आता. राहू दे. मला तक्रार करायचा हक्क नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

उठलो तर ही घरात नव्हती. ओट्यावर चिठ्ठी — ‘बाकी सातजणींना सांगायला निघाले. सगळ्यांची घरं आठवतात. तुमचं नाव सांगणार आहे. पहिल्यांदा टायपिंगवाल्या मावशींकडे. यायचं असेल तर या.’