शेपू कुणाच्या हातची

मंगळवार, संध्याकाळ. सणसर.

हसावं की रागवावं, अजून कळत नाही.

गेल्या आठवड्यात आमची श्रावणी शाळेत प्रार्थनेला चक्कर येऊन खालीच बसली. नववीतली पोर, आणि तपासणीत रक्त कमी निघालं. मला पटेना. रोज भाकरीबरोबर शेपू नाहीतर मेथी देते, डबा चाटूनपुसून घरी येतो. मग पोरीच्या अंगी का लागत नाही?

काल तिच्या मैत्रिणीच्या, प्राजूच्या आईचा फोन आला. "ताई, तुमी शेपूत काय घालता? आमची प्राजू घरी शेपूचं नाव काढू देत न्हाय, पण तुमच्या डब्यातली आवडीनं खाती."

"आणि आमची काय खाती?"

"आमच्या नूडल्स."

म्हणजे इतके दिवस मी प्राजूचं रक्त वाढवत होते!

मग आम्ही दोघींनी ठरवलं. मी फोनवरच कृती सांगितली. मूगडाळ, भरपूर लसूण, पाणी अजिबात नाही. आज दोन्ही डब्यांत शेपूच. पोरींनी डबे उघडले, एकमेकींकडं बघितलं आणि सवयीनं बदललेच म्हणे. भूक लागलेली, करणार काय? खाल्लं.

आत्ता डबा घासायला टाकताना श्रावणी म्हणते, "आई, प्राजूच्या आईला शेपू लई भारी जमती. तू शिकून घे की जरा."

"विचारते," म्हटलं.

उद्या मेथी. तिचीही कृती प्राजूच्या आईला सांगून टाकली.