अवसेचा नांगर

९ जानेवारी १९५६, चाकण

हायकोर्टाचा निकाल आला. नामाला फाशी. माझ्या धाकट्या भावाला. पुण्याच्या सेशन जज्जांनी खुनाच्या आरोपातून निर्दोष सोडलेला. सरकारनं अपील केलं, आणि हे. आबा ओट्यावर बसून राहिले, जेवले नाहीत. मी जेवले. उपाशी पोटी कोर्ट लढवता येत नाही. उद्या शाळेत रजा टाकून वकीलसाहेबांकडे.

१० जाने.

व.सा. म्हणाले, "बाई, सुटलेल्या माणसाला हायकोर्टानं फाशी दिली, की दिल्लीला अपील हक्कानं जातं. परवानगी मागायची नाही." बरं वाटलं. मागण्यात मी कच्चीच.

मग निकाल समजावला. सरकारी साक्षीदार, गावातलाच कोंडिबा, त्याची साक्ष अशी: दुपारी नांगर धरला होता, तिथून नामाला ओढ्याकाठी कुऱ्हाड घेऊन पळताना पाहिलं. तो दिवस अवसेचा, अमावास्येचा. अवसेला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सेशन जज्ज इकडचेच, त्यांनी तेवढ्यावर कोंडिबाला खोटा ठरवला. हायकोर्ट म्हणतं, ही रीत एकाही साक्षीदारानं सांगितलेली नाही, जज्जांनी पदरचं घातलं.

खरंच कुणी सांगितली नाही! वकिलांनी विचारलं नाही, आम्ही सुचवलं नाही. सगळ्यांना माहीत, म्हणून सगळे गप्प. मी शिकलेली, मीही. स्वतःला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं.

१५ जाने.

आबांनी गावातले पाच म्हातारे जमवलेत. दिल्लीला न्यायचे म्हणे. "आमी जज्जांम्होरं बेलभंडार उचलून सांगू, अवसंला औत धरीत न्हाईत!" एकानं तर दशम्यासुद्धा करायला सांगितल्या.

म्हटलं, आबा, तिथं साक्षी घेत न्हाईत. खालच्या कोर्टाचे कागद तेवढे बघत्यात.

"आन् मानूस?"

दशम्या राहू द्या म्हटलं.

२३ जाने.

जबान्यांच्या नकला आणल्या. रोज शाळा सुटली की वाचते, हातात तांबडी पेन्सिल. पोरांच्या वह्या तपासून नजर तयार आहेच.

२९ जाने.

सापडलं! पोलीसपाटलाची जबानी, पान तिसरं. घरी का होता, या प्रश्नाला: "अवस होती, गावात कुणाचेच बैल जुंपलेले नव्हते, म्हणून घरीच होतो." बोलता बोलता बोलून गेला बिचारा, आणि कारकुनानं उतरवलं. कुणाचेच! म्हणजे कोंडिबाचेही. व.सा. खुर्चीतून उठले. दोन वकिलांच्या नजरेतून सुटलं ते मराठी चौथीच्या मास्तरणीला दिसलं, हे मी त्यांना ऐकवलं. ऐकवायलाच हवं होतं.

११ फेब्रु.

आज अवस. कोंडिबानं रस्त्याकडेच्या वावरात सकाळपासून नांगर धरलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. आम्ही अवसेलाही धरतो म्हणून दाखवतोय. आबा काठी घेऊन निघाले होते. अडवलं. "धरू द्या. आजचा नांगर कागदावर जायचा न्हाई." ज्या नियमानं आमचे म्हातारे अडवले त्यानंच हाही अडला. बैलांची मात्र कीव आली.

४ मार्च

येरवड्याला भेट. नामा निम्मा झालाय. गजाआडून म्हणाला, "ताई, तू यवढी बिनघोर कशी?" म्हटलं, पान तिसरं पाठ आहे म्हणून. बाहेर येऊन रडले. भीती वाटते. एकदा लिहिली, पुन्हा लिहिणार नाही.

१२ सप्टेंबर

दिल्लीहून व.सा.चं पत्र. सुनावणी दोन दिवस चालली. त्यांनी पाटलाची जबानी वाचून दाखवली. एका जज्जांनी विचारलं, पाटलानं काय गावातले सगळे गोठे पाहिले होते? व.सा. म्हणाले, नाही, पण यातून दोन अर्थ निघत असतील, तर सुटलेल्या माणसाला फाशी देण्याइतकी खात्री कुठून आणायची? जज्ज काही बोलले नाहीत. निकाल राखून ठेवलाय.

मला ते न बोलणं बरं वाटतं.

१५ सप्टें.

बाजारपेठेत शिंप्याकडे गेले. नामासाठी सदरा. त्यानं विचारलं, "माप?" म्हटलं, तुझ्या वहीत जुनं असेल तेच धर. त्यानं टेप गळ्यात टाकला. मग हळूच म्हणाला, "ताई, जेलात मानूस उतरतं."

"घरी आला की भरेल. जुन्याच मापानं शीव."

त्यानं जुन्या मापाचं कापड फाडलं.